सुपर लीगचा आराखडा पुन्हा बदलावा का? तिकीट खिडकीच्या आतून दिलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या रग्बी सुपर लीगने तीस वर्षांत कितीतरी वेळा रचना बदलली. परवाने आले (कोण खेळणार हे निकालांऐवजी परवान्यावर ठरायचं), आठ-आठच्या गटांचे सुपर एट्स आले, मग क्लबांना गुण देणारं ग्रेडिंग आलं आणि २०२६ च्या या हंगामापासून १२ चे १४ संघ झाले. तरीही हा खेळ उत्तर इंग्लंडच्या पट्ट्यात अडकलेलाच आहे. मग जास्त प्रेक्षक खेचायचे तर नेमकी कोणती रचना हवी?

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर यॉर्कशायरला आले आणि २००९ साली इथल्या एका रग्बी लीग क्लबच्या तिकीट खिडकीत बसले. पुढे हंगामी पासांचं सगळं काम माझ्याकडे आलं. म्हणजे परवाना पद्धतीच्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंतच्या प्रत्येक रचनेचे पास मी माझ्या हाताने विकलेत. ‘नव्या पर्वा’ची घोषणा झाली की पत्रकार परिषद मोठ्या हॉटेलात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अर्थ विचारायला लोक माझ्या खिडकीशी येतात.

माझं उत्तर असं: १० संघ असोत, १२ असोत की १४, प्रेक्षक कुठल्याही रचनेला सरावतो. सतत बदलणाऱ्या रचनेला मात्र तो कंटाळतो. आणि रचना निवडायचीच असेल, तर गुणतक्त्याआधी घरच्या मैदानावरच्या सामन्यांची यादी डोळ्यांपुढे ठेवावी. लोक पैसे त्या यादीचे देतात.

इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना रग्बी म्हटलं की १५ जणांचा खेळ आठवेल, किंवा २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीत झालेली सात-सात जणांची रग्बी प्रीमियर लीग. ते रग्बी युनियनचं घराणं. लीगची चूल १८९५ साली वेगळी झाली. खाणीत, गिरणीत राबणारे खेळाडू शनिवारी मॅच खेळले की त्यांची मजुरी बुडायची. ती क्लबने भरून द्यावी एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून या क्लबांनी फारकत घेतली. १९०६ साली त्यांनी १५ चे १३ खेळाडू केले, का, तर मैदान मोकळं व्हावं, खेळ पळता व्हावा आणि गेटवर चार लोक जास्त यावेत. पुढे सहा टॅकलचा नियम आला: सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. माझ्या सासूबाईंना तर तीनच लागली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की प्रेक्षकांसाठी स्वतःला बदलणं या खेळाला नवं नाही. खेळाचे नियम बदलले तेव्हा लोकांनी ते बहुतेक वेळा पचवले. अडचण आली ती स्पर्धेची रचना बदलताना.

सगळ्यात मोठा प्रयोग १९९५ चा. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीचा पैसा आला आणि खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात न्यायचं ठरलं. त्याच आराखड्यात शेजारच्या क्लबांची लग्नं लावायचा बेत होता. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून एक ‘कॅल्डर’ नावाचा संघ, हल शहरातल्या दोन क्लबांचा एक, असं बरंच काही. कागदावर ते हिशेबी वाटतं. तीन लहान गावं, तीन मोडकी मैदानं, त्याऐवजी एक बरा संघ. पण कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ एक करा म्हणणारा माणूस शाहू स्टेडियमच्या गेटातून धडधाकट बाहेर पडेल का? आमच्याकडं ज्याला ईर्षा म्हणतात, त्या ईर्षेवरच तर तिकीट खपतं. लोक रस्त्यावर उतरले आणि विलीनीकरण बारगळलं. उन्हाळा मात्र राहिला आणि माझ्या मते तो बदल योग्यच होता. फेब्रुवारीतल्या चिखलापेक्षा जूनच्या संध्याकाळी लेकराबाळांना घेऊन येणं सोपं.

ऑस्ट्रेलियात याच काळात याहून कडक धडा मिळाला. तिथे दोन लीगांच्या भांडणानंतर १९९८ साली एनआरएल ही एकच राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि क्लब कमी करायचे म्हणून १९९९ च्या हंगामानंतर साउथ सिडनीला बाहेर काढलं. जुना, कामगारवस्तीतला क्लब. लोकांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले आणि २००२ साली क्लब परत आणला. त्याच धामधुमीत दोन क्लब जोडून केलेला नॉर्दर्न ईगल्स लवकरच मोडला. वेस्ट्स टायगर्स आणि सेंट जॉर्ज इलावारा ही जोडलेली नावं मात्र टिकली. म्हणजे विलीनीकरण कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते चालेल की नाही हे आधी ओळखता येत नाही, आणि फसलं तर दोन क्लबांचे लोक एकदम जातात.

आता ज्या रचनेने मला सर्वाधिक पिडलं तिच्याकडे येते. २०१५ ते २०१८, सुपर एट्स. वरच्या गटात १२ संघ, खालच्या गटात १२. पहिल्या २३ फेऱ्या झाल्या की २४ संघांचे आठ-आठचे तीन गट पाडायचे. मधल्या आठात वरच्या गटातले तळाचे चार आणि खालच्या गटातले वरचे चार. तिथे सगळ्यांचे गुण शून्यावर आणायचे. पहिले तीन सरळ वर. चौथा आणि पाचवा एकमेकांशी एकच सामना खेळणार, जिंकेल तो वर. त्या सामन्याला ‘मिलियन पाउंड गेम’ म्हणायचे. टीव्हीसाठी यापेक्षा चांगलं नाट्य मिळणं कठीण. २०१६ साली हल किंग्स्टन रोव्हर्स शेवटच्या दोनेक मिनिटांपर्यंत सॅलफर्डच्या आठ गुणांनी पुढे होता. सॅलफर्डने दोन ट्राय करून (म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून) बरोबरी साधली आणि जादा वेळेत गॅरेथ ओब्रायनच्या लांबून लाथाडलेल्या ड्रॉप गोलने १९-१८ असा सामना नेला. रोव्हर्स खालच्या गटात. मी तो टीव्हीवर पाहिला आणि माझ्याही हाताला कंप सुटला होता. त्यांच्या तिकीट विभागातल्या बायकांचं पुढच्या वर्षी काय, एवढंच डोक्यात येत होतं.

पण हेच माझ्या खिडकीतून बघा. नोव्हेंबरात पास नूतनीकरण सुरू होतं. एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी पहिल्याच दिवशी यायचे. चेकबुक, चष्म्याची डबी, आणि मागच्या वर्षीचं वेळापत्रक चौघडी करून खिशात. त्यांनी विचारलं, “घरच्या मॅच किती?” मी म्हटलं, अकरा नक्की. “आणि पुढच्या?” त्या तीन असतील किंवा चार, आपण कितवे येतो त्यावर. “कुणाशी?” तेही तेव्हाच कळेल. “कधी?” ऑगस्ट-सप्टेंबरात, वार नंतर सांगू. त्यांनी चष्मा डबीत घातला आणि म्हणाले, “म्हणजे तू मला अकरा मॅच विकतेस आणि उरलेल्यांची चिठ्ठी काढतेस.” पास घेतला त्यांनी. पण ते दरवर्षी स्वतःसोबत भाऊ आणि दोन नातवांचेही घ्यायचे. त्या वर्षी भावाचा घेतला नाही.

हा माणूस रचनेच्या चर्चेत कुठेच नसतो. चर्चेत असतो तो टीव्हीवर थरार बघून पहिल्यांदा मैदानात येणारा ‘नवा प्रेक्षक’. तो येतोही, पण दोनदा. क्लब चालतो तो नोव्हेंबरात पैसे भरणाऱ्यांवर, कारण त्या पैशावर हिवाळ्याचे पगार होतात. सुपर एट्समधले सामने दोन-तीन आठवड्यांच्या नोटिशीवर विकावे लागत. पाहुण्या संघाचे लोक रजा टाकणार कधी, बस ठरवणार कधी? ‘प्रत्येक मिनिट महत्त्वाचं’ अशी त्या रचनेची जाहिरात होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आठ महिने आधी ठरवणाऱ्या माणसाला त्यातला एक मिनिटही आधी कळत नव्हता.

२०१९ पासून ते गुंडाळून साधी ‘एक वर, एक खाली’ पद्धत आली. मग २०२२ साली आयएमजी या क्रीडा-विपणन कंपनीशी १२ वर्षांचा करार झाला आणि ग्रेडिंग आलं. एकूण २० गुण: प्रेक्षकवर्गाला ५, कामगिरीला ५, आर्थिक स्थितीला साडेचार, मैदानाला ३, समाजकार्याला अडीच. १५ किंवा जास्त मिळाले तर ‘अ’ श्रेणी. २०२५ च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये कोण, हे यावर ठरू लागलं.

याविषयी माझं मत दोन तोंडी आहे. मोडके दिवे, बायकांसाठी दोनच संडास, हिशेब न ठेवणारे मालक, हे सगळं मी पाहिलंय. ग्रेडिंगमुळे बऱ्याच क्लबांनी पहिल्यांदा आपल्या ग्राहकांची धड यादी केली, छपराचे पत्रे बदलले, नळ बसवले. पण लंडन ब्रॉन्कोसचं काय झालं बघा. २०२३ च्या शेवटी त्यांनी टुलूझला टुलूझमध्येच हरवून सुपर लीग गाठली. नमुन्यादाखल काढलेल्या ग्रेडिंगमध्ये ते २४ वे होते. म्हणजे २०२४ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक की मैदानावर काहीही केलं तरी यांना पुढच्या वर्षी बाहेर जायचंय. अशा संघाचा पास कोण घेणार? आणि त्यांच्याशी होणाऱ्या सामन्याचं तिकीट मी काय सांगून विकू?

प्रेक्षकवर्गाचे गुण मोजताना गेटवरची गर्दी, टीव्हीवरचे दर्शक आणि समाजमाध्यमांवरचा पसारा हे धरतात. जे मोजलं जातं ते फुगवलं जातं, हे सांगायला आयएमजी लागत नाही. आमच्याच क्लबने एका वर्षी शाळाशाळांत फुकट तिकिटं वाटली. त्यातली निम्मीही गेटवर स्कॅन झाली नाहीत. जी झाली त्या मुलांचे आईबाप पुढच्या आठवड्यात विचारायला लागले, “मागच्या वेळी फुकट होतं, आज पंधरा पाउंड का?” फुकट तिकिटाने गर्दी येते, पण दराची जी समजूत बसते ती पुसायला दोन हंगाम जातात.

ब्रॅडफर्डचं उदाहरण इथे घ्यायला हवं. १९९६ साली सुपर लीग सुरू झाली तेव्हा पीटर डीकिन नावाच्या माणसाने तिथे अमेरिकन खेळांतून उचललेल्या गोष्टी आणल्या. ‘नॉर्दर्न’चे ‘बुल्स’ झाले, शुभंकर आले, सामन्याआधी संगीत, खेळाडू शाळांमधून फिरू लागले. ऑड्सल हे खड्ड्यातलं जुनं अवाढव्य मैदान. १९५४ च्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलचा फेरसामना तिथे एक लाखाहून जास्त लोकांनी पाहिला होता, त्यानंतर मात्र कळा गेलेली. ते पुन्हा भरायला लागलं. लोक हे विसरतात की त्यात रचनेचा वाटा थोडा होता. उन्हाळा होता, संघ जिंकत होता आणि एक माणूस रोज सकाळी उठून तेच काम करत होता. पुढे विजय आटले, पास फार स्वस्त झाले, २०१२ मध्ये क्लब प्रशासकांच्या हाती गेला आणि २०१७ च्या जानेवारीत तो दिवाळखोरीत निघून नव्याने उभा करावा लागला. या वर्षी ते सुपर लीगमध्ये परत आलेत.

ताजं उदाहरण ली गावाचं. २०२२ च्या अखेरीस मालकांनी ‘सेंच्युरियन्स’ नाव टाकून ‘लेपर्ड्स’ केलं आणि गावभर बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे दिसायला लागले. आम्ही सगळे हसलो होतो. २०२३ मध्ये त्यांनी चॅलेंज कप जिंकला, १९७१ नंतर पहिल्यांदा. आता कुणी हसत नाही. मी त्यांच्या गावच्या बाजारात एका आजीबाईंच्या हातगाडीच्या पिशवीलासुद्धा ते ठिपके बघितलेत.

तर मी काय करेन? १४ संघ ठेवेन आणि पुढची दहा वर्षं त्याला हात लावणार नाही. कारण भावनिक नाही, गणिती आहे. १२ संघ असताना प्रत्येकाचे २२ सामने व्हायचे: ११ घरी, ११ बाहेर. तेवढ्यात हंगाम भरत नाही, म्हणून मॅजिक वीकेंडचा (सगळे संघ एकाच मैदानावर खेळतात तो शनिवार-रविवार) एक आणि वर चार जादा सामने घालून २७ फेऱ्या करायचे. हे जादा सामने, इथे ज्यांना लूप फिक्स्चर म्हणतात, माझ्या धंद्यातलं वाळवीचं घर आहे. एकाच प्रतिस्पर्ध्याशी वर्षात तीनदा, कप आणि प्लेऑफ धरले तर पाचदा गाठ. विगन विरुद्ध सेंट हेलन्स गुड फ्रायडेला भरतं, कारण तो गुड फ्रायडे आहे. तीच जोडी जुलैतल्या गुरुवारी तिसऱ्यांदा आली की लोक म्हणतात, “बघितलीय.” वर सगळ्यांना सारखे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत, त्यामुळे गुणतक्ताही वाकडा. १४ संघ झाले की १३ घरी आणि १३ बाहेर, वर मॅजिक वीकेंडचा एक, बरोबर २७. एकही जादा सामना नाही. फेऱ्या तेवढ्याच आणि वाळवी गेली. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला बदल हाच, आणि त्याची जाहिरात सर्वांत कमी झाली.

यावर आक्षेप असतो की १४ चांगले संघ भरतील एवढे खेळाडू नाहीत, तळाचे सामने एकतर्फी होतील. होतील, काही. पण तीन वेळा बघितलेली चुरस आणि एकदाच बघितलेला एकतर्फी सामना यात गेटवर मला दुसरा सोपा जातो. पाहुण्या संघाचा चेहरा तरी नवा असतो.

दुसरी गोष्ट वार आणि वेळ. ही रचनेच्या चर्चेत येतच नाही, पण मला एकच गोष्ट बदलायची मुभा दिली तर मी हीच बदलेन. प्रत्येक क्लबचा स्वतःचा वार ठरवून द्या. कुणाचा शुक्रवार रात्री आठ, कुणाचा रविवार दुपारी तीन. वर्षात टीव्हीला हवे तेवढे तीन-चार सामने हलवू द्या, पण ते कोणते हे डिसेंबरातच छापा. २०२४ पासून सगळे सामने कॅमेऱ्यापुढे आहेत, म्हणजे घरी बसायला कारण वाढलंच आहे. त्यात गुरुवारी रात्री आठचा सामना ठेवला की शाळकरी मुलं येत नाहीत, आणि मूल आलं नाही की त्याच्यासोबतची दोन मोठी माणसंही येत नाहीत. आमच्या कुटुंब-स्टँडमध्ये गुरुवारी खुर्च्यांचा रंग दिसतो.

तिसरी गोष्ट पाहुण्यांच्या स्टँडची. लीड्स, हल, वेकफील्ड, विगन, वॉरिंग्टन हे सगळे एम ६२ महामार्गाच्या आसपास. तासा-दोन तासांत माणूस पाहुणा म्हणून पोचतो. म्हणून इथे बाहेरगावचे लोक गेटचा मोठा हिस्सा असतात. नवं शहर नकाशावर सुंदर दिसतं, पण त्याचे लोक माझ्या स्टँडमध्ये येणार नाहीत. १९९६ ला सुपर लीगचा पहिला सामना पॅरिसमध्ये झाला, १७ हजारांवर लोक आले आणि दोन हंगामांत तिथला क्लब बंद. वेल्सचे क्रुसेडर्स तीन हंगाम टिकले. टोरोंटो २०२० मध्ये महामारीच्या मध्यावर बाहेर पडलं. टिकलं ते पर्पिन्यां, कारण फ्रान्सच्या त्या दक्षिण भागात १३ जणांची रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळली जात होती. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने १९४१ मध्ये तिच्यावर बंदी घालून मालमत्ता जप्त केली तरी ती मेली नव्हती. नवीन क्लब घ्यायचा तर जिथे मुलं आधीच खेळतायत तिथला घ्या. दूरच्या क्लबला सामील करताना यजमानांच्या बुडणाऱ्या गेटवरच्या कमाईचा हिशेब मध्यवर्ती निधीतून कसा भरणार, हे करारातच लिहा. मी आजवर एकाही करारात ते पाहिलेलं नाही.

राहिला वर-खाली जाण्याचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात कुणी खाली जात नाही आणि मैदानं भरतात, म्हणून इथेही दार बंद करा असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण तिथे खाली दुसरा व्यावसायिक गट नाही. इथे हॅलिफॅक्स, विडनेससारखी गावं पिढ्यान्‌पिढ्या वर जाण्याच्या आशेवर उभी आहेत. ग्रेडिंग ठेवा, पण उंबरठा म्हणून. ठरावीक गुणांच्या वर असलात की तुम्ही पात्र, त्यापुढे कोण वर जाणार हे मैदानावर ठरू दे. स्टँडमधल्या माणसाला कुठल्याही क्षणी बोटांवर मोजता आलं पाहिजे की आपण कुठे आहोत. साडेतेरा गुण बोटांवर मोजता येत नाहीत.

प्लेऑफमध्ये चार संघ की सहा, गोल्डन पॉइंट (जादा वेळेत पहिला गुण घेईल तो विजयी) असावा की बरोबरी, सामना खेळायला लास वेगासला दरवर्षी जावं का, हेही तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर गेटवर यातल्या कशाचाही फारसा फरक मला दिसला नाही. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डची ग्रँड फायनल १९९८ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत होते आणि लोक मार्चमध्येच तिची तिकिटं घेऊन ठेवतात, आपला संघ पोचणार की नाही हे माहीत नसताना.

१४ संघांचा हा पहिला हंगाम कसा गेला हे ठरवायला यंदा वर आलेल्या यॉर्क किंवा ब्रॅडफर्डच्या गर्दीकडे बघू नका. पहिल्या वर्षी गर्दी होतेच, नवलाई असते. मी नोव्हेंबरात त्यांच्या तिकीट विभागात फोन करून एकच आकडा विचारणार आहे: यंदा पहिल्यांदा पास घेतलेल्यांपैकी किती जण परत आले, आणि त्यातल्या कितींनी सोबत आणखी एक घेतला.